हाललेला फोटो

आमच्या ह्यांचा कोणावरच विश्वास नाही. दूधवाला पाणी घालतो, घड्याळवाला पुर्जे बदलतो आणि सदर बाजारातल्या दुकानदाराने आपल्याला हलणारा कॅमेरा विकला, हे त्यांचं पक्कं मत. पहिला रोल धुऊन आला, तर माझा एकही फोटो धड नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. साक्षीला मला घेऊन हे तरातरा दुकानात शिरले.

"हात हालला असन, मधुकरराव," दुकानदार म्हणाला. "हा जड कॅमेरा घ्या. हातात पक्का बसते."

"पाहिलं? आता महागाचा गळ्यात मारून राहिला," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

ह्यांनी काउंटरवर टाकलेल्या फोटोंतला एक मी उचलला. त्यात माझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख न् तारीख वाचता येत होती. कॅमेरा हलला असता तर कॅलेंडरही हललं असतं. मी बोट ठेवून ते दोघांनाही दाखवलं.

ह्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग डोळे बारीक करून माझ्याकडे. "म्हणजे तूच मुद्दाम हालून राहिली होती का वं?"

घरी असते तर गिळलं असतं. पण साक्षीला मला ह्यांनीच आणलं होतं.

"मुद्दाम काहून हालू? तुम्ही 'हालू नको' म्हणून खेकसता, तवा अंग थरथरते माह्यं."

दुकानदाराने जड कॅमेरा कपाटात परत ठेवला.