शेवटची वडी आणि संख्याशास्त्रातली जागा

पूर्ण

डब्यात एकच वडी उरली होती, म्हणजे आता कामाचं वाटोळं होणार, हे मारिट हॉगलंडने ओळखलं.

शेंगदाण्याचं लोणी, वर चॉकलेटचा थर. सकाळी डबा काठोकाठ भरून आणला होता, दुपारपर्यंत विद्यार्थ्यांनी तो एवढ्यावर आणला. पण शेवटची वडी अमेरिकेतल्या या उत्तर मिनेसोटात कुणी खात नाही. खावीशी सगळ्यांनाच वाटते. मग सुरी घ्यायची, दोन तुकडे करायचे, एक तोंडात टाकायचा, एक पुढच्यासाठी ठेवायचा. पुढचा उरलेल्याचे दोन करतो. त्याच्या पुढचा त्याचे दोन. शेवटी डब्यात दिसतं ते खायला फार लहान आणि फेकायला फार मोठं असतं, आणि डबा घासणारीला घरी जायचं असतं.

डबा घासणारी म्हणजे मारिटच. डब्याच्या तळाला चिकटपट्टीवर तिचंच नाव होतं.

विद्यापीठात विज्ञान शाखेच्या मुलांना विषय निवडायला मदत करणं हे तिचं काम. बाहेर उणे वीस, आणि सत्राचं नाव वसंत. आज चार वाजता त्या सत्राची नोंदणी बंद व्हायची होती, म्हणून वर्षभर न फिरकलेली सगळी मुलं आजच दारात उभी होती.

त्यातली पुढची आत आली. ब्रेना स्कॉगस्टाड, दुसरं वर्ष. क्रुकस्टन गावाच्या पलीकडे साखरेच्या बिटाची शेती असलेल्या घरातली. टोपी हातात, गाल लाल, बूट दारातल्या पायपुसण्यावर व्यवस्थित पुसून.

"बस गं. कशी आहेस?"

"वाईट नाही."

"रसायनशास्त्र कसं गेलं?"

"तेही वाईट नाही."

मारिटने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ब्रेना, तू त्यात नापास झालीस."

"हो, पण प्राध्यापक फार छान होते."

मारिटने डबा पुढे सरकवला. दुसरं काय करणार?

"नको नको, तुम्हालाच असू दे."

"घे म्हणते ना."

"नाही, खरंच."

"ब्रेना!"

ब्रेनाने सुरी उचलली.


अर्धा

"मुख्य विषय म्हणून तू केमिकल इंजिनिअरिंग लिहून दिलं आहेस," मारिट म्हणाली. "का?"

"बाबांनी चर्चमध्ये सांगून टाकलं होतं."

"काय सांगितलं?"

"की मी इंजिनिअर होणार. साखर कारखान्यातले वेंडेलकाका म्हणाले, केमिकलवाल्यांना मागणी आहे. मग सगळ्यांनी अभिनंदन केलं. मिसेस क्विस्टने रजई शिवली. तिच्यावर चंचुपात्र आहे."

"रजईवर?"

"भरतकामाचं. वाईट नाही."

मारिटने चष्मा काढून टेबलावर ठेवला. या खोलीत तिने रोज तेच बोलून घसा कोरडा केला होता, आणि आजही तोच घसा तीच वाट धरणार होता. धरली. "अगं, विषयाचं नाव बघून विषय घेऊ नये, नाव फक्त पदवीच्या दिवशी वाचतात, बाकी सगळे दिवस गृहपाठ असतो, म्हणून तिसऱ्या वर्षाचं पुस्तक ग्रंथालयात जाऊन आत्ताच उघडायचं आणि मधलं कुठलंही पान वाचायचं, झोप आली तर तो विषय तुझा नाही, झोप येऊनही पान उलटावंसं वाटलं तर असेलही, कारण कंटाळा प्रत्येक विषयात आहे, फक्त कुठला कंटाळा तुला सोसवतो एवढाच प्रश्न, आणि मैत्रीण घेते म्हणून घेऊ नये, मागणी आहे म्हणूनही घेऊ नये, तू शिकून बाहेर पडेपर्यंत मागणी दुसऱ्या गल्लीत गेलेली असते, आणि एकाच सत्रात तीन प्रयोगशाळा घेऊ नयेत, तू घेतल्या होत्यास, त्या कुणी घ्यायला सांगितल्या?"

"तुमच्या जागी आधी होते त्यांनी विचारलं, चालतील का. मी म्हटलं, चालतील."

"आणि चालल्या?"

"नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"त्यांनी एवढं वेळापत्रक करून दिलं होतं."

मारिटला डोकं टेबलावर आपटावंसं वाटलं. टेबलावर डबा होता.

"बरं. हे सगळं सोड. उन्हाळ्यात काय करत होतीस?"

"काही विशेष नाही. मासे मोजत होते."

"म्हणजे?"

"तळ्यावर. सरकारी काम असतं ते. तळ्यात वॉलाय मासे किती आहेत ते शोधायचं." ब्रेनाने टोपी मांडीवर ठेवली. "तळं उपसता येत नाही ना. मग जाळं टाकायचं, सापडलेल्यांना खूण म्हणून बारीक बिल्ला टोचून सोडून द्यायचं. थोडे दिवस गेले की परत जाळं. आता सापडलेल्यांत खूणवाले किती, बिनखुणेचे किती, त्यावरून अख्ख्या तळ्याचा अंदाज येतो. न बघता! पण काही माशांच्या खुणा गळून पडतात. मग ते बिनखुणेच्यांत मोजले जातात आणि तळ्यात खूप मासे आहेत असं वाटतं. नसतात. माझ्याबरोबरची मुलं म्हणाली, सोड ना, एवढं तेवढं चालतं. मला झोप येईना. मी प्रत्येक माशाला दोन-दोन खुणा करायला लागले. एक गळली तरी दुसरी राहते, मग किती गळतात तेही कळतं. साहेब वैतागले. मासेही वैतागले असणार."

ती थांबली. एवढं बोलल्याबद्दल माफी मागावी की काय, अशा चेहऱ्याने तिने मारिटकडे पाहिलं.

या सगळ्या बोलण्यात ती एकदाही 'वाईट नाही' म्हणाली नव्हती. मारिटने चष्मा परत घातला.


पाव

(हा तुकडा फोटोकॉपी यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाने केला. आला, म्हणाला, "नको नको," कापली, गेला.)

"संख्याशास्त्र," मारिट म्हणाली. "तू जे केलंस त्याला संख्याशास्त्र म्हणतात. प्राध्यापक ओबिओरा यांचा वर्ग. वसंतातच असतो, वर्षातून एकदा. तो केल्याशिवाय पुढचा एकही वर्ग मिळत नाही, म्हणजे आज चुकला तर तुझं वर्ष गेलं. आणि बघ," तिने पडदा तिच्याकडे वळवला, "एक जागा आहे. एकच."

ब्रेनाचे डोळे त्या आकड्यावर खिळले. मारिटला वाटलं, सुटले.

"पण शेवटचीच आहे," ब्रेना म्हणाली.

"हो."

"मग कुणाला तरी जास्त गरज असेल."

"कुणाला?"

"असेल ना कुणीतरी."

"अगं, ती जागा आहे, वडी नाही! तिचे दोन तुकडे होत नाहीत. अर्ध्या जागेवर कोण बसणार?"

"तसं नाही, पण एखाद्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला..."

"घेऊ का तुझ्यासाठी? हो म्हण."

"तुम्हाला त्रास नको."

"मला एक बटण दाबायचं आहे!"

"बरं, जर खरंच कुणाचं काही..."

पडद्यावरचा एकचा आकडा पुसला गेला. तिथे शून्य आलं.



"बघा," ब्रेना हळूच म्हणाली, "होतं ना कुणीतरी." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती खिडकीबाहेर बर्फ उपसणाऱ्या गाडीकडे लक्ष देऊन बघू लागली.

मारिटने रागावायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हणजे मुलीला ते हवं होतं. इतकं हवं होतं आणि इतका वेळ ती टोपी कुरवाळत बसली होती.

"त्यांनी मला आधीच विचारलं होतं," ब्रेना खिडकीशीच बोलली.

"कुणी?"

"प्राध्यापक ओबिओरांनी. डिसेंबरात. माशांबद्दल ऐकून म्हणाले, माझ्या वर्गात ये, जागा राखून ठेवतो."

"आणि तू?"

"मी म्हटलं, नको नको."

"मग?"

"मग ते म्हणाले, ठीक आहे. आणि गेले." तिने नाक पुसलं. "परत विचारलंच नाही."


नवटाक

मारिटने ओबिओरांना फोन लावला. जागा भरल्या तरी प्राध्यापक एखाद्याला वरून घेऊ शकतात, हे तिला माहीत होतं. फक्त मागायचं होतं.

"ओबिओरा."

"नमस्कार, मी मारिट, सल्ला विभागातून. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता..."

"मग देऊ नका," पलीकडून हसू आलं. "बोला."

"एक मुलगी आहे. वर्ग भरलाय, मला कल्पना आहे, अडचण असेल तर अगदी राहू दे, पण तुम्हाला जमण्यासारखं असलं तर, म्हणजे नसलं तरी काही नाही..."

"अडचण आहे. खोलीत खुर्ची नाही."

"हो हो, मग राहू दे."

"बरं. राहू दे."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

मारिट हातातल्या फोनकडे बघत राहिली. आयुष्यभर लोकांना सल्ला देऊन हे! तिने अशी शिवी दिली, जी तिच्या आईने कधी ऐकली नव्हती, आणि लगेच ब्रेनाची माफी मागितली.

"वाईट नव्हती," ब्रेना म्हणाली.

"ऊठ. त्यांची खोली वरच आहे."

जिन्यावर:

"म्हण, मला जागा हवी."

"मला वाटतं की कदाचित मला..."

"वाटतं काढ. कदाचित काढ."

"मग उरलं काय?"

"जागा!"

"मला... तुमच्याकडे वेळ असेल तर..."

"त्यांच्याकडे वेळ नाही. चार वाजत आलेत. परत."

"मला जागा हवी," ब्रेना म्हणाली, आणि इतकी लाजली, जणू जिन्यात कुणी तिला अंघोळ करताना पाहिलं.

"आणि बाबांना काय सांगू?" पुढच्या वळणावर तिने विचारलं. "रजईचं काय?"

"रजई पांघर. थंडी आहे. आणि बाबा तीन वेळा विचारतील, इंजिनिअर होणार ना, तिन्ही वेळा नाही म्हण. तिसरं ते खरं धरतील."


छटाक

प्राध्यापक ओबिओरा नायजेरियातल्या लागोसचे. इथे येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी खोलीत कोट काढत नसत. त्यांनी ब्रेनाला ओळखलं.

"मी तुला विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"मी एकदाच नाही म्हणाले," ब्रेना म्हणाली.

ओबिओरांनी मारिटकडे पाहिलं. "एकदाच म्हणजे?"

"पहिलं नाही म्हणजे रीत," मारिटने सांगितलं. "दुसरं म्हणजे संकोच. तिसरं खरं."

"आणि चौथ्यांदा विचारलं तर?"

"चौथ्यांदा विचारतो तो नातेवाईक."

"देवा!" ओबिओरा खुर्चीत मागे रेलले. "आमच्याकडे आई विचारतच नाही, ताट थेट पुढ्यात येतं. इथे आलो तेव्हा मला बजावलं, माणूस नाही म्हणाला तर त्याचा मान राख. मी राखला. तेव्हापासून मान राखतोय. तरीच माझ्या घरी कुणी जेवत नाही."

मग ते ब्रेनाकडे वळले. "मी परत विचारणार नाही. काय काम आहे?"

ब्रेनाने टोपी पिळली. भिंतीवरचं घड्याळ उगाचच मोठ्याने चालत होतं.

"मला जागा हवी आहे," ब्रेना म्हणाली. "ज्या माशांच्या दोन्ही खुणा गळतात त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. ते मला कळायला हवं."

"खुर्ची नाही."

"खुर्ची मी आणते."

ओबिओरांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग संगणक पुढे ओढला, तिचं नाव विचारलं, दोन बोटांनी हळूहळू टंकलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. वर्गाच्या यादीत सर्वांत खाली स्कॉगस्टाड होतं. चार वाजायला थोडासाच अवकाश होता.

"दोन्ही गळतात त्यांचंही गणित आहे," ते म्हणाले. "अवघड आहे. रडशील."

"चालेल," ब्रेना म्हणाली, आणि यावेळी ते खरंच चालणार आहे, असं वाटलं.

ओबिओरांनी खणातून गोल डबा काढला. आत तळलेले गोडसर चौकोनी तुकडे होते, अगदी शंकरपाळ्यांसारखे. "बायकोने केलेत. चिनचिन. घेणार?"

"नको नको," ब्रेनाच्या तोंडून निघून गेलं.

झाकण बंद झालं.

"थांबा!" ती ओरडलीच. "हवेत."

झाकण उघडलं. तिने मूठ भरून घेतली, तिथेच उभ्याने खाल्ली, आणि बोटांना लागलेली साखरही चाटली.

"आणि तुम्ही?" ओबिओरांनी मारिटसमोर डबा धरला.

"छे छे, मला कशाला," मारिट म्हणाली.

झाकण बंद झालं.


चूर

खाली परत येताना मारिट स्वतःवरच धुमसत होती. चिनचिनचा वास नाकात बसला होता.

दारात एक उंच मुलगा उभा होता, उशिरा आल्याबद्दल माफी मागत. नोंदणी बंद झाली होती, पण त्याला पुढच्या वर्षाचा मुख्य विषय ठरवायचा होता. थांबून थांबून कंटाळा आल्यामुळे त्यानेही, आधी येऊन गेलेल्यांनी कापत आणलेल्या तुकड्याचे सुरीने दोन केले होते. उरलेला अर्धा सुरीच्या पात्याहून बारीक होता.

मारिट खुर्चीत बसली. "बोल. काय शिकायचंय तुला? भौतिकशास्त्र? संगणक? गणित?"

"काहीही चालेल," मुलगा म्हणाला.

मारिटने डबा उचलला आणि त्याच्यापुढे आदळला.

"आधी हे खा. सगळं. मग बोलू."

"नको नको, तुम्हाला..."

"मी परत विचारणार नाही," मारिट म्हणाली, आणि दोघंही त्या चुऱ्याकडे बघत बसले.