राजाच्या दारातला बिल्ला

मित्रांनो, सोन्याच्या शेजारी सारे आयुष्य काढलेला मी एक जुना पितळी बिल्ला आहे. लंडनमधल्या एका ओतकाम करणाऱ्याने मला घडवले, माझ्या अंगावर मुकुट ठोकला आणि माझ्या भावंडांबरोबर राजवैद्यांच्या पिशवीत माझी रवानगी केली.

गंडमाळा, म्हणजे गळ्यावर गाठी, झालेल्याच्या गळ्यावरून राजाने हात फिरवला की दुखणे जाते, असे आमच्याकडे सगळे मानत. राजा रोग्याच्या गळ्यात पांढऱ्या फितीत ओवलेले सोन्याचे नाणेही घाली. आता सोने म्हटल्यावर धडधाकट माणसेही गळ्याला फडकी गुंडाळून येऊ लागली. काही बहाद्दर तर नाणे विकून पुन्हा रांगेत हजर! म्हणून नियम झाला: गावच्या पाद्र्याची चिठ्ठी आणायची, वैद्यांना गळा दाखवायचा, आणि स्पर्श आयुष्यात एकदाच. ज्याचे दुखणे खरे ठरे, त्याच्या हातात मी पडे. दारावर मला परत केले की माणूस आत. सोने त्यांना नंतर मिळे, मी आधी. याचा मला अजून थोडा ताठा आहे.

एका वसंतात मी टॅमसिन नावाच्या मुलीच्या मुठीत होतो. तिच्या गळ्यावर अक्रोडाएवढ्या गाठी होत्या. तिची आई अर्सुला तिला डेव्हनमधल्या खेड्यातून लोकरीच्या गाडीत बसवून घेऊन आली होती. गावात टॅमसिनशी कोणी खेळत नसे. चर्चमध्ये तिच्या शेजारचा बाक रिकामा राही. उन्हाळ्यात राजाचा स्पर्श बंद असे आणि तो दिवस शेवटचा होता. आज दार बंद झाले असते, तर पुन्हा इतक्या लांब यायचे बळ त्या दोघींत उरले नव्हते.

दारावर हॉबडे नावाचा जाडजूड पहारेकरी होता. त्याने नेहमीप्रमाणे विचारले, "बाई, खरं सांगा, पोरीला याआधी स्पर्श झालाय?"

अर्सुलाला खोटे बोलता येत नसे. "झालाय की साहेब. दोनदा."

रांगेतले सगळे माना वळवून पाहू लागले.

"दोनदा? आणि वर तोंड करून सांगताय? पाद्र्यानं तर 'कधीच नाही' असं लिहिलंय."

"त्यांना कोण सांगतंय? ते रागावतात."

"रागावतील नाहीतर काय! आण गं पोरी तो बिल्ला इकडे, आणि परत फिरा."

टॅमसिनने मूठ आवळली. तिच्या घामाने मी ओला झालो होतो, आणि खरे सांगतो, मलाही तिला सोडवत नव्हते.

"आणि सोनं कुठंय? विकून खाल्लंत ना?" हॉबडे म्हणाला.

"कसलं सोनं हो? उलट त्यांनीच आमची कोंबडी घेतली. दुसऱ्या खेपेला अंडीसुद्धा."

"राजानं तुमची कोंबडी घेतली?"

"राजा कुठला? आमच्या गावचा लोहार! सातवा मुलगा आहे तो, मध्ये एकही बहीण नाही. सातव्याच्या हाताला गुण असतो, एवढंही माहीत नाही का तुम्हा शहरातल्यांना?"

सगळी रांग हसली. मागून एक म्हातारा म्हणाला, "सोडा हो हॉबडे. कोंबडी गेली ती गेली, पोर तरी आत जाऊ दे."

हॉबडे पोट धरून हसत होता. "बाई, इथं स्पर्श म्हणजे राजाचा. लोहाराचा धरत नाहीत. पण हे आत बोलू नका, नाहीतर बिचाऱ्या लोहाराच्या मानगुटीवर बसतील. चला, पळा."

हसण्याच्या नादात तो मला परत घ्यायला विसरला. मी तिच्या मुठीतच आत गेलो. तिथे राजाचा पाद्री प्रार्थना म्हणत होता. राजाने दोन्ही हात तिच्या गळ्यावरून फिरवले आणि गळ्यात नाणे घातले. मग अर्सुलाबरोबर लोकरीच्या गाडीतून आम्ही तिघे घरी आलो. म्हणजे टॅमसिन, सोने आणि मी.

नाण्याची बातमी गावभर झाली. आता गळ्यातले नाणे पाहायचे तर जवळ यायलाच हवे. लांब पळणाऱ्या बायका नाणे हातात घेऊन न्याहाळू लागल्या, आणि त्यांची बोटे आपसूक तिच्या गळ्याला लागू लागली. पिंपे बनवणाऱ्याची मुलगी फिलिपा तर रोजच येई. एकदा तिने विचारले, "दुखतं का गं?" आणि टॅमसिनचा हात धरून तिला ओढ्यावर खेळायला नेले.

सुगीपर्यंत गाठी बसल्या, व्रण तेवढे राहिले. अर्सुला म्हणे, राजाचा गुण. लोहार म्हणे, माझाच, फक्त उशिरा आला. मी दोघांशीही वाद घालत नाही. अर्सुलाच्या घरी गुंड्यांच्या डबीत माझे उत्तम चालले आहे.

पण एक सांगतो. राजाने गळ्यावरून हात फिरवला, तेव्हा टॅमसिन नुसती उभी होती. फिलिपाबरोबर ओढ्यावरून आली, त्या दिवशी मात्र ती आईच्या कुशीत शिरून खूप रडली. म्हणाली, "आई, तिनं आपणहून हात धरला."

मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी दुखणाईत असेल, तर त्याच्यापासून लांब बसू नका. त्याचा हात धरा. त्यासाठी तुम्हाला राजा व्हावे लागत नाही.