चल बाय, उजाडलं

"न्हाय. आसं न्हवं," चुलीपुढे बसलेली बजाबाई पाठमोरीच म्हणाली. "आजून खाली. पोटातनं येऊ द्या."

अंगणात साळू घोडीच्या पाठीवर बसलेल्या अभिमन्यू भांगेने घसा साफ केला. "चल बाय, उजाडलं!"

साळूने शेपटीने एक माशी हाकलली. तेवढीच काय ती हालचाल.

"तुमी गाडी लागल्याचं सांगताय," बजाबाई म्हणाली. "ती काय एस्टी हाय व्हय?"

बाईचं काही चुकत नव्हतं. अभिमन्यू सोलापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, दिवसभर माईकवरून गाड्या पुकारायच्या आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला पळायचं, यातच त्याची चाळिशी उलटली होती. आवाज सोन्यासारखा, पण चेहरा गर्दीत हरवावा असा, म्हणून स्पर्धेच्या नाटकात त्याच्या वाट्याला नेहमी पडद्यामागचं काम येई. कधी आकाशवाणी, कधी देवाचा कौल, कधी नुसती दवंडी. बक्षीस समारंभात नटांची नावं पुकारायलाही त्यालाच उभं करत. तो हसून पुकारायचा, आणि घरी गेल्यावर जेवायचा नाही.

आणि आता एका ऐतिहासिक मालिकेत त्याला नाव असलेलं काम मिळालं होतं. रायाजी जासूद. माढ्याच्या पलीकडच्या माळावर चित्रीकरण. घोडा फेकत यायचं, लगाम खेचायचा, सरदारापुढे चार वाक्यं बोलायची. पृथ्वीराज नावाच्या सहायक दिग्दर्शकाने फोनवर विचारलं होतं, "घोडा येतो ना?"

"येतो की," अभिमन्यूने दिली ठोकून. जन्मात तो गाढवावरही बसला नव्हता.

मग घोड्याचा शोध सुरू झाला. सोलापुरात घोड्या होत्या, पण सगळ्या वरातीच्या. बँड वाजला की नाचायच्या आणि बँड थांबला की जागेवर उभ्या. शेवटी कुणीतरी हिप्परगा तळ्याच्या बाजूचं बजाबाईचं घर दाखवलं. तिचा नवरा कोंडीबा वरातीला घोडी न्यायचा, पण बिनबँडची, नुसत्या आवाजावर चालणारी. कोंडीबाला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून साळू दावणीला उभी होती. बाई ती वरातीला देत नव्हती आणि विकतही नव्हती. अभिमन्यूलाही ती नाहीच म्हणणार होती, पण त्याने तोंड उघडलं आणि ती थबकली.

"तुमीच व्हय ते? फलाटावर बोलणारं?" त्याच्याकडे निरखून बघत ती म्हणाली. "मग जमंल. साळू दुसऱ्या कशाला हालत न्हाय. तिला मालकाचा आवाज लागतो. मी शिकवते तुमास्नी."

तर असं हे शिक्षण. रोज सकाळी ड्यूटीच्या आधी तो यायचा. घोडीवर बसणं त्याचं तो पडत-झडत शिकला. गुडघे आवळायचे, टाचा खाली, पाठ ताठ. मांड्या अशा सोलवटल्या की स्टँडवर तो फेंगडा चालायला लागला. ड्रायव्हर मंडळी त्याला "या सरदार" म्हणू लागली. पण घोडी हलायची नाही तोवर या सगळ्याचा उपयोग काय? आणि हलायची ती कोंडीबाच्या आवाजानेच. तो आवाज आता जगात फक्त एका बाईच्या कानात शिल्लक होता.

"'बाय' म्हनताना त्ये हसायचं," ती सांगायची. "आन् 'उजाडलं' म्हनताना दमल्यागत व्हायचं. शेवटाला सोडून द्यायचं. पोहरा आडात सोडल्यावानी."

अभिमन्यू जीव ओतून तालीम करायचा. आंघोळ करताना, डबा खाताना, मोटारसायकलवर. एकदा त्याने घरात चपला घालता घालता तो आवाज काढला, तर वैजयंती, त्याची बायको, पोळी लाटायची थांबली. "हा आवाज घरात नको काढूस," ती म्हणाली. "कुणी परकं माणूस आत आल्यासारखं वाटतं."

त्याला उलट आनंदच झाला. म्हणजे जमायला लागलं होतं.

दिवाळी सरल्यानंतरच्या एका सकाळी ते जमलंच. तळ्यावर धुकं होतं. तो बसला, डोळे मिटले आणि त्याच्या छातीतून कुणीतरी हसल्यासारखं, दमल्यासारखं बोललं, "चल बाय, उजाडलं."

साळूच्या अंगावरून शहारा गेला. तिने कान टवकारले. पण ते मागे, त्याच्याकडे वळले नाहीत. ते वळले फाटकाकडे, जिथे कुणीच नव्हतं. मग ती चालू लागली.

अभिमन्यूला इतकं भरून आलं की त्याने तिच्या मानेला मिठी मारली. तळ्यापर्यंत जाऊन तो परतला तेव्हा बजाबाई पीठ मळत होती. वर न बघताच तिने चहा पुढे सरकवला. रोज त्याला काचेच्या पेल्यात मिळायचा. आज पितळीत होता. पितळीला एका बाजूला पोचा होता आणि त्या पोच्यात अंगठा अगदी बरोबर बसत होता.

मग गाडी सुसाट सुटली. साळू दुडकी धावू लागली, चौखूर उधळू लागली, लगाम खेचला की जागच्या जागी थांबू लागली. पृथ्वीराजने तारीख कळवली, घोडी तुमचीच आणा म्हणाला. अभिमन्यूने स्टँडवर रजा टाकली. मोठ्या मिशा कशा दिसतील हे आरशापुढे हात धरून बघितलं.

चित्रीकरण दोन दिवसांवर आलं आणि ऐन वेळी त्याचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा. आज काही खरं नाही, निदान बसून तरी येऊ, म्हणून तो साळूवर चढला. ओठ मिटलेलेच होते. साळू चालू लागली.

ती रोजच्या वाटेने गेली नाही. तळ्याच्या काठाने बाभळीच्या एका झाडापाशी गेली आणि थांबली. मान वळवून, अंग थोडं तिरकं करून, कुणाला चढायला सोपं जावं अशी ती उभी राहिली. अभिमन्यू तर पाठीवर होताच. खूप वेळ ती तशीच उभी होती. मग पाठीवरचं ओझं वाढल्यासारखी तिने पावलं जड टाकली आणि आपली आपण घराकडे वळली. परत येईस्तोवर अभिमन्यूने एकदाही मागे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

"आज आवाज लई मोकळा लागला," चुलीपाशी बसलेली बजाबाई म्हणाली.

त्याने घशाला हात लावून खूण केली आणि कसंबसं कुजबुजला, "मावशी, मी आज बोललोच नाय."

"बोललासा की. मी आयकलं. साळूनं आयकलं." ती अजून पाठमोरीच होती. "आवं, च्या निवतोय."

आवं. इतके दिवस ती त्याला भाऊ म्हणत होती.

अंगणातल्या दोरीवर एक लाल फेटा उन्हात टाकला होता. पेटीतून काढलेला, घड्यांवर फिकट पडलेला. "परवाला लागंल की," ती म्हणाली. कुणाला लागेल ते तिने सांगितलं नाही. अभिमन्यूने चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि सवयीने म्हणाला, "येतो."

घसा एकदम सुटला होता. पण आवाज त्याचा नव्हता.

बजाबाई वळली. शिकवणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. दुसराच कुणी दिसेल असं वाटलेल्या माणसाचा उतरतो तसा. ती उंबऱ्यावर बसली.

"त्या दिशी बी आसंच म्हनलं त्यांनी. शेजारगावची वरात व्हती. साळूला म्हनलं चल बाय, आन् मला म्हनलं येतो. माघारी येताना त्या बाभळीखाली जरा टेकलं, ते टेकलंच. साळू एकलीच आली." तिने पदर तोंडाला लावला. "मानसं म्हनली, गेला. आगीन दिली, दिवस घातलं, समदं केलं. पर त्येंनी येतो म्हनलं हाय ना, भाऊ. मी दाराला कडी लावली न्हाय. दोन वरसं न्हाय लावली."

अभिमन्यू तिच्यापुढे उकिडवा बसला.

"तुमी येक करा. त्यांच्या आवाजात जातो म्हना. येकडाव. साळूच्या म्होरं. ती बी वाट बघती."

जातो. लहानपणी माढ्यात तो एकदा दारातून "जातो गं आई" म्हणाला होता, तर आईने परत आत ओढून पाठीत धपाटा घातला होता आणि "येतो" म्हणवून मगच सोडलं होतं. कुणीच म्हणत नाही. मेलेलं माणूसच तेवढं न बोलता जातं. आणि घोडीच्या समोर म्हटलं, तर घोडी पुन्हा त्या आवाजाला हलेल? परवा माळावर रायाजी काय पायी पळत येणार होता? इतक्या वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास होता तो.

"मावशी, परवाचं शूटिंग होऊ दे. आल्या आल्या म्हणतो. आईची शपथ."

"बरं," ती म्हणाली. मुकाट उठून तिने फेटा उलटा करून टाकला, दुसऱ्या बाजूने ऊन लागावं म्हणून.

तो फाटकाबाहेर पडला. मोटारसायकलला किक मारली. मागे वाऱ्याने दार आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. त्याला उगीचच वाटलं, हे रोज पहाटे कोण येतंय इथं? आपण. येतो म्हणून जाणारा आणि खरंच परत येणारा आपणच. तिच्या वाट बघण्याला आपण रोज खतपाणी घालतोय. त्याने गाडी बंद केली. स्वतःचाच त्याला विलक्षण राग आला, आणि रायाजीसाठी रडूही आलं.

तो परत आत गेला. साळूच्या मानेवर हात ठेवला. बजाबाई दारात उभी राहिली.

"बजे," तो म्हणाला, "जातो गं मी. कडी लाव."

साळूचे कान हळूहळू खाली पडले. बजाबाईने भिंतीचा आधार घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी हळू, नव्या नवरीसारखी, म्हणाली, "जावा."

स्टँडवर पोचल्यावर, माईकपुढे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. कोंडीबा तिला बजे म्हणायचा, हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. सांगेल कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तर दार आतून बंद होतं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. त्याने साळूला नाना परीने पुकारलं. हसून पुकारलं, दमून पुकारलं. साळूने शेपटीने एक माशी हाकलली. त्याचाच आवाज होता तो, स्टँडवरचा, गाडी लागल्याचं सांगणारा. दुसरा आवाज शोधूनही सापडला नाही.

त्याने पृथ्वीराजला फोन लावला. "सर, घोडा येत नाही मला."

"अहो, मग येतो कशाला म्हणालात?" तो वैतागला, पण माणूस वाईट नव्हता. "बरं, आवाज छान आहे तुमचा. छावणीतली एक आरोळी आहे, तंबूमागून द्यायची. ती द्या."

अभिमन्यूने ती दिली. रायाजी कोल्हापूरचा एक देखणा तरुण झाला. त्याने लगाम मात्र चुकीच्या हाताने खेचला, आणि तंबूमागे उभ्या असलेल्या अभिमन्यूचा हात आपोआप मुठीत वळला.

थंडी संपता संपता एका दुपारी बजाबाई नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी आली. कमरेला किल्ली, हातात पिशव्या. "मंगळवेढ्याला लेकीकडं निगाले, भाऊ. ऱ्हाते म्हनते चार म्हैनं. साळूला भाच्याच्या रानात सोडली, चरती निवांत. घराला कुलूप घातलं." ती हसली. दोन वर्षांत ती कुलपाचा खटका विसरली होती, म्हणाली, शेजारणीला बोलवावं लागलं.

"या मावशी," तो म्हणाला.

"येते."

ती गाडीत खिडकीजवळच्या सीटवर बसली. अभिमन्यूने माईक ओढला. क्षणभर तो थांबला, छातीत खोल चाचपून बघितलं. तिथे काही नव्हतं. मग त्याने नेहमीच्या आवाजात मंगळवेढा गाडी सुटत असल्याचं सांगितलं.

बजाबाईने भोंग्याकडे एकदा वर बघितलं, कुणी बोललं की बघावं तसं. आणि पायाशी ठेवलेल्या पिशव्या ती सरळ करू लागली.