पॅसेजातला बँड

मला राग आला की मी लाटणं उचलते, हे आमच्या नायगावच्या चाळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच लाटण्यानं मी एक दिवस बँड चालवीन, असं कुणाच्या बापालाही वाटलं नव्हतं.

झालं असं, की माझा धाकटा दीर विकास जयंती मंडळाचा अध्यक्ष. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे नको, असं मंडळानं ठरवलं. चांगलंच केलं, दरवर्षी भिंतीवरची भांडी खाली यायची. पण मग रथाच्या पुढं वाजणार काय? मी म्हटलं, "आम्ही बायका बँड काढतो."

विकास हसला. "वहिनी, तुम्ही मागंच बऱ्या. दरवर्षीसारख्या."

अशी तिडीक गेली डोक्यात! मागं म्हणजे कुठं? रथ म्हणजे सजवलेला टेंपो. त्यावर बाबासाहेबांची तसबीर पुढं तोंड करून, आणि आम्ही पांढऱ्या साड्या नेसून टेंपोच्या मागं, धूर खात. आमच्या मजल्यावरच्या सुंदराबाई, वय पंचाहत्तर, लग्न होऊन चाळीत आल्यापासून मिरवणुकीत चालतायत. त्या मला म्हणाल्या, "नलू, एवढी वर्षं चालले, पण चालताना बाबांचं तोंड काही दिसलं नाही गं. तसबिरीची पाठच बघितली. आता चाळ पाडणार. पुढल्या वर्षी त्या टॉवरातून खाली उतरायला माझे गुडघे राहतात का काय!"

बस. मी तडक विकाससमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "ठीक आहे, चला पुढं. पण मिरवणूक अडली, गोंधळ झाला, तर तिथल्या तिथं मागं जायचं. आणि परत हा विषय काढायचा नाही."

"मंजूर," म्हटलं. म्हटलं खरं, पण आमच्यातल्या एकीलाही काही वाजवता येत नव्हतं.

परळच्या ज्या शाळेत मी क्लार्क आहे, तिथं विनिफ्रेड टीचर आहे. माहीमची. तिचा नवरा सिल्वेस्टर चर्चच्या फेस्टला ट्रम्पेट वाजवतो. त्याला घेऊन आले. त्यानं माझ्या मांडणीवर नजर फिरवली आणि टाळीच वाजवली. "अरे, बँड तर इथंच आहे ना!" परात, पातेली, कुकरची झाकणं, पळ्या. आणि सुरासाठी? कंगव्याला पातळ कागद लावायचा, ओठांशी धरायचा आणि गुणगुणायचं. पहिल्या दिवशी नुसत्या माशा घोंगावल्या. ओठांना गुदगुल्या होऊन बायका हसून हसून खाली बसल्या. पण हळूहळू चाल ओळखू यायला लागली. आमच्या आयाबाया जयंतीला गात आल्या, तीच जुनी चाल.

तालीम कुठं करायची? मैदानाला टॉवरच्या कामाचे पत्रे ठोकलेले, आणि मंडळाच्या पुरुषांसमोर चुकायचं नव्हतं. मग आमच्या तिसऱ्या मजल्याचा पॅसेज धरला. दोन्ही बाजूंना खोल्या, मधून लांबलचक पॅसेज, टोकाला जाळी. दोघी-दोघींची रांग करून चालायचं आणि जाळीपाशी पाठी वळायचं. सिल्वेस्टरनं चाल अशी चोख बेतली, की पॅसेज संपला की चालही संपायची. शेवटी सुंदराबाईंची परात धाडकन वाजली, की सगळ्या गर्रकन पाठमोऱ्या. रोज तेच. "एकदम परफेक्ट!" सिल्वेस्टर म्हणायचा, आणि आम्ही फुशारायचो. सगळ्यांची अक्कल कुठं चरायला गेली होती कुणास ठाऊक!

जयंतीच्या संध्याकाळी डोक्याला निळे फेटे बांधून आम्ही रथाच्या पुढं उभ्या राहिलो. मी सगळ्यात पुढं. लाटणं वर केलं आणि कंगवे गुणगुणले, झाकणं झणझणली. फुटपाथवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. म्हातारे खिडकीतून हात करत होते. काय सांगू, छाती फुगली माझी.

आणि चाल संपली. परात वाजली, धाडकन.

सगळ्याच्या सगळ्या बायका गर्रकन वळल्या आणि ताडताड रथावर चालून गेल्या! टेंपोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मागची माणसं एकमेकांवर आदळली. मी एकटीच तोंड पुढं करून उभी, आणि माझा बँड घराकडं निघालेला.

"वहिनी!" विकास ओरडत आला. "काय ठरलं होतं आपलं?"

सुंदराबाई परात छातीशी धरून माझ्याकडं बघत होत्या. त्यांना मागं कसं पाठवू?

तेवढ्यात कडेनं सिल्वेस्टर धावत आला, कपाळावर हात मारत. "माझी चूक, नलू! पॅसेज त्यांच्या पायात बसलाय! चाल संपली की त्या वळणारच. चाल संपवूच नका! शेवटची ओळ आली की परत पहिल्यापासून!"

मी विकाससमोर लाटणं धरलं. "बाजूला हो. मिरवणूक तू अडवलीयस आता."

मागून पोरं ओरडली, "ओ अध्यक्ष, जाऊ द्या ना!" तो गपगुमान बाजूला झाला.

मग आम्ही जे सुरू झालो ते थांबलोच नाही. शेवटची ओळ आली की मी लाटणं उंच नाचवायची आणि बायका पुन्हा पहिल्या ओळीवर उडी मारायच्या. थुंकीनं कागद भिजून फाटत होते, तर विनिफ्रेड बाजूनं चालत केकचे बटर पेपर फाडून हातात देत होती. घसे सुकले, ओठ बधिर झाले. रस्त्यातल्या बायका आपापल्या घरातून ताटं घेऊन रांगेत घुसल्या. त्यांना काही येत नव्हतं, तरी वाजवत होत्या!

शेवटच्या नाक्यावर मिरवणूक थांबायची होती. विकास पुढं उभा राहून हातानं थांबा, थांबा करत होता. मी मान वळवून सुंदराबाईंकडं बघितलं. घामानं थबथबलेल्या, पण हसत होत्या. माझ्या मनानं तिथंच घेतलं. आता चाल संपू दे.

शेवटची ओळ आली आणि मी लाटणं झर्रकन खाली आणलं. परात वाजली. सगळ्या बायका एका ठेक्यात गर्रकन वळल्या, या वेळी मीसुद्धा.

समोर रथ होता. फुलांत, दिव्यांत बाबासाहेबांची तसबीर, सरळ आमच्याकडं बघणारी. मग "जय भीम!" असा गजर उठला, की मी लाटण्यासकट हात जोडून रडले.

विकास हळूच जवळ आला. "वहिनी, हे शेवटचं वळणं मुद्दाम होतं ना?"

"मग काय!"

"पण टॉवरात एवढा लांब पॅसेज नाहीये. पुढल्या वर्षी तालीम कशी करणार?"

माझ्या आधी सुंदराबाईच बोलल्या. त्यांची नजर तसबिरीवरच होती. "चाल तोकडी करू," त्या म्हणाल्या. "तेवढंच जास्त वेळा वळता येईल."