रिकामी गाडी

“पोरगी गाडी झकास हाकते हो, पण धंदा पोरगाच बघेल.” वडील फोनवर कुणाला तरी सांगत होते. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची. गाडीखाली उताणी, कोपरापर्यंत ग्रीस. फोन ठेवला गेला. ते शब्द मात्र तिच्या कानात घर करून राहिले.

आता तिचे तीन जुने ट्रक होते, धाकट्या भावाच्या बारा उंच, बंद गाड्या. पुराने नदीपलीकडच्या वस्तीचा संपर्क तोडला, तशी मदतकेंद्राच्या मॅडमनी सगळ्या वाहतूकदारांना गाड्या, गोदामं, माणसं एकत्र करायला लावली. धाकट्याने गोदाम उघडून दिलं आणि जो तो ‘शेठ, शेठ’ करत त्याच्या मागे. ताईच्या वाट्याला रिकामी पिंपं वाहायचं काम. तिचा नुसता जळफळाट झाला.

पलीकडे जायला एकच वाट उरली होती, रेल्वेच्या कमानीखालची. धाकट्याने भरलेली गाडी कमानीपाशी नेऊन स्वतः टेप लावून उंची मोजली. टपावर चार बोटं जागा राहत होती.

“जाते की नाही, ताई?”

“जाते.”

जाते, पण परत येत नाही. ओझं उतरलं की स्प्रिंगचे पाटे सैलावतात, गाडी सहा बोटं वर उठते. ताई एकदा अशीच अडकली होती. दोन दिवस रस्ता बंद. धाकट्याला हे कुठून कळणार? तो टेबलामागे वाढला, ती पाट्यांखाली.

“ताई आज गप्पशा?” धाकट्याचा ड्रायव्हर हसला. “तोंडात खिळे धरलेत का?”

ती हसली नाही. डोळ्यांपुढे एक गोड चित्र तरळत होतं: कमानीत अडकलेले शेठ, तोंड एवढंसं झालेलं, आणि मॅडम म्हणताहेत, ताईंना बोलवा.

धाकटा ड्रायव्हरशेजारी चढून बसला. खिडकीतून त्याने गोदामाची किल्ली तिच्या हातात दिली. “माझ्या माणसांना सांगितलंय, तू म्हणशील तसं करायचं.”

देतोय बघा, दान दिल्यासारखी! तिने मूठ आवळली.

सलाइनच्या खोक्यांची गाडी हलली. तिच्या मागे पाण्याची, मग औषधांची, मग दुधाची. रांग पार वळणापर्यंत. येताना पहिली अडकली की ही सगळीच अडकणार. ते गोड चित्र घशाशी आलं. ताई धावली, दारावर थापा मारत सुटली.

“बाळ्या, थांब! येताना अडकशील. रिकामी गाडी वर उठते. पलीकडची माणसं घे, गाळाची पोती घे, पण भरूनच परत ये.”

धाकट्याचा चेहरा उतरला. “अगं, मग टेप लावला तेव्हा का नाही बोललीस?”

इंजिन धडधडत होतं. ड्रायव्हर, हमाल, मॅडम, सगळे ऐकत होते.

“तू अडकावंस म्हणून,” ताई म्हणाली. “सगळ्यांच्या देखत अडकावंस म्हणून.”