बोगद्याचा दवाखाना

आमच्या गावात दवाखाना आला तेव्हा सरकारला पाझर फुटला असंच सगळ्यांना वाटलं. खरं कारण वेगळं होतं. डोंगरापलीकडे खाण सापडली होती. खाणीपासून बंदरापर्यंत रेल्वे न्यायची होती आणि मध्ये डोंगर आडवा आला होता. डोंगर फोडायला माणसं लागत. ती माणसं तापाने भराभर अंथरूण धरू लागली, म्हणून दवाखाना. पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर माझी आजी उठता-बसता साहेबाच्या पोराबाळांना दुवा देत होती.

माझा थोरला काका त्याच बोगद्यात गेला, कामाच्या पहिल्याच वर्षी. सुरुंग विझला असं समजून तो बघायला वाकला आणि सुरुंग तेव्हाच उडाला. काकूला मूलबाळ नव्हतं. काकाच्या जागी काकूला दवाखान्यात कामावर घेतलं. पट्ट्या उकळायच्या, कुंपणावर वाळत घालायच्या, गुंडाळून ठेवायच्या. एवढंच काम.

पण काकू एवढ्यावर थांबणारी नव्हती. डॉक्टर आमच्याच लोकांतला होता, शहरात शिकलेला, आणि त्याला हाताने काम करता करता समजावून सांगायची खोड होती. ऐकायला काकूशिवाय कोणी नसायचं. दोन वर्षांत ती जखम शिवायला शिकली. अक्षरं तिने बाटल्यांवरून उचलली. तिला लिहिता आलेला पहिला शब्द ‘विष’ होता, कारण तोच तेवढा लाल आणि मोठा असे. चौथ्या वर्षी डॉक्टर तिच्याकडून जन्म-मृत्यूची वही लिहून घेऊ लागला. गाव तिला ड्रेसरबाई म्हणू लागलं. माझी आई मात्र तोंडावर ‘ताई’ आणि माघारी ‘आमच्या डॉक्टरीणबाई’ म्हणायची.

सहाव्या वर्षी बोगदा आरपार झाला. मोठा साहेब आला, झेंडे लागले, भाषण झालं. ही रेल्वे म्हणजे तुमच्या भरभराटीची वाट आहे, सरकारने तुमच्यासाठी शाळा काढल्या, दवाखाने काढले, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळा आमच्याकडे नव्हती, पण दवाखाना होता, म्हणून टाळ्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी मालगाडीचा एक रिकामा डबा आमच्या स्टेशनात लागला आणि दवाखाना त्यात भरायला सुरुवात झाली. खाटा गेल्या, कपाट गेलं, छपराचे पत्रे उतरवले. दाराची चौकटसुद्धा उखडली. काकू डॉक्टरच्या मागे मागे फिरत होती.

“अहो, पण ताप आहे ना अजून.”

“बाई, हा दवाखाना बोगद्याच्या खर्चात धरलेला होता. बोगदा संपला.”

“माणसं कुठे संपलीत?”

 जाताना डॉक्टरने तिला एक कात्री, तापावरच्या कोयनेलचा अर्धा डबा आणि एक कोरी वही दिली. “लिहीत राहा,” म्हणाला. बिचाऱ्याच्या हातात तेवढंच होतं.

रेल्वेच्या भरावासाठी माती खणून काढली होती, त्याचे रुळांच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब खड्डे पडले होते. काम चालू होतं तोवर डॉक्टर दर आठवड्याला त्या साचलेल्या पाण्यावर रॉकेल मारून घ्यायचा. आता रॉकेल बंद झालं. पाऊस सरला आणि डासांचे ढग उठू लागले. अर्धा डबा कोयनेल तीन आठवडे पुरलं. त्या वर्षी आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांत त्रेचाळीस माणसं गेली. काकूने प्रत्येकाची नोंद केली: वय, तारीख, किती दिवस ताप. तीन वेळा सरकारकडे अर्ज पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही. मग ती वही कापडात गुंडाळून, आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसून, जिल्ह्याच्या गावी गेली.

तिथला आरोग्य खात्याचा अधिकारी भला माणूस निघाला. हे काकू नेहमी आवर्जून सांगायची. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग फडताळातून एक छापील पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. सरकारचा वर्षाचा अहवाल. बोट ठेवून त्याने आमच्या गावाची ओळ दाखवली.

“मागच्या वर्षी मृत्यू एकतीस. यंदा एकही नाही. बाई, तुमच्या भागाची तर वर तारीफ झाली आहे. रेल्वे आली आणि लोकांची तब्येत सुधारली, असं लिहिलंय.”

काकूला वाटलं आपल्याला नीट वाचता आलं नाही. तिने पुन्हा वाचलं.

“साहेब, मृत्यूची वही दवाखान्यात असायची. दवाखाना नेल्यावर लिहिणार कोण?”

अधिकाऱ्याने पुस्तक मिटलं. त्याच्या ध्यानात आलं होतं, असं काकू म्हणायची, चेहऱ्यावरून कळलं. तिने आपली वही पुढे केली. त्याने ती चाळली, दोन पानं नीट वाचलीसुद्धा, आणि परत केली.

“हे सरकारी कागदात धरता येत नाही. लिहिणारा नेमलेला असावा लागतो.”

“मग नेमा मला.”

“दवाखाना नाही, तर नेमणूक कशावर करू? यंदा या जिल्ह्यात कोर्टाची इमारत झाली, पोलिसांची घरं झाली, खाणीचा फाटा झाला. तुमच्या गावचं उत्पन्न किती? जिथून काही येत नाही, तिथे काही जात नाही. मी नियम केलेला नाही, बाई.” मग तो म्हणाला, “तुम्हाला काम येतं. इथल्या इस्पितळात जागा आहे. याल?”

काकू गावी येऊन, दोन दिवस विचार करून हो म्हणाली. घरात आजी, शेतावर पिकेना, माझे वडील खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर. आई म्हणाली, “ताईंचं बरं झालं. गाऱ्हाणं गावाचं नेलं आणि नोकरी स्वतःला आणली.” काकूने ते ऐकलं आणि पेटी भरली.

इस्पितळ मोठं होतं. चाळीस खाटा, छताला विजेचे पंखे, धुतलेल्या फरशा. सरकारी नोकर, रेल्वेचे कायम नोकर, खाणीचे साहेब आणि त्यांची बायका-मुलं, एवढ्यांसाठीच. निम्म्या खाटा कायम रिकाम्या, चादरी ओढून तयार. काकूला पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्याला कशासाठी घेतलं आहे. फाटकाशी रोज दहा-वीस माणसं यायची, पाठीवर म्हातारी घेऊन, कडेवर मूल घेऊन. त्यांना परत पाठवायला त्यांच्या बोलीत बोलणारं माणूस हवं होतं. परकी माणसं ओरडायची, मग लोकही ओरडायचे, दगड यायचा. काकू समजुतीने सांगायची आणि लोक निमूट परत जायचे. नर्सांवरची मेट्रन तिच्यावर खूश होती.

दीड वर्ष तिने हे केलं. 

मग मला ताप आला. मी सहा वर्षांची होते. दहाव्या दिवशी मी कोणाला ओळखेना, तेव्हा आईने मला उचललं आणि ती गाडीत बसली. फाटकाशी आली तेव्हा काकू समोरच उभी होती. आईने हात जोडले. ज्या जावेला तिने कधी धड पाणी विचारलं नव्हतं, तिच्यापुढे.

“ताई, काहीही करा.”

काकूने माझी पापणी वर करून बघितली आणि मला आईच्या कडेवरून घेतलं. फाटकावरच्या कारकुनाने विचारलं, “कोण ही?”

“माझी मुलगी.”

“आणि ही बाई?”

“घरची मोलकरीण. पोरीला सोडायला आलीय.”

आई नऊ दिवस व्हरांड्याबाहेर मोलकरीण म्हणून बसली. शुद्धीवर आल्यावर मी ‘आई’ म्हणून रडायचे आणि प्रत्येक वेळी काकू यायची. मी मान फिरवायचे. एकदा ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “मला आई म्हण. बरी होईपर्यंत म्हण. मग नको म्हणूस.” मी म्हटलं. खिडकीबाहेर माझ्या आईने ते ऐकलं.

सातव्या दिवशी कारकुनाने कागद जुळवले. काकूच्या नेमणुकीच्या कागदावर काका गेल्याची तारीख होती. काका जाऊन आठ वर्षं झाली होती आणि माझं वय लिहिलं होतं सहा. मेट्रनने दोघींना खोलीत बोलावलं. आईला काकूच्या घरची म्हणून.

मेट्रन तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाली, “एक तर तू खोटं बोललीस, आणि ही मुलगी आत्ता बाहेर जाईल. नाहीतर ही तुझीच आहे, आणि मग तू कसली बाई आहेस ते मला कळलं. बोल.”

माझी सुई अजून दोन दिवस चालायची होती. मध्येच थांबली तर ताप उलटतो, हे त्या खोलीत काकूइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

“माझीच आहे,” ती म्हणाली.

मेट्रनने आईकडे वळून विचारलं, “खरं?”

आईने खाली बघितलं. आणि मान हलवली. हो म्हणून.

हे मला आईनेच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, कोणी न विचारता. म्हणाली, “मी नाही म्हटलं असतं तर तू मेली असतीस.” ते खरंच होतं. पण पुढचं जे घडलं, त्याला हे उत्तर पुरत नाही.

दोन दिवसांनी मी बरी होऊन बाहेर पडले आणि काकूला चालचलणुकीच्या कारणावरून काढून टाकलं. कागदावर तसंच लिहून दिलं. आम्ही तिघी एकाच गाडीने परत आलो, पण बातमी आमच्या आधी पोचली होती. फाटकावरून परत पाठवलेल्या माणसांतला कोणीतरी तिथे होता, त्याने ती मिटक्या मारत आणली. ज्या ड्रेसरबाईने आम्हाला दारातून हाकललं, तिचं हे असं! लोकांचा राग खोटा नव्हता, हे मला आता कळतं. पण सरकारवरचा राग काढायला सरकार हाताशी नव्हतं, काकू होती.

आजीने तिला दारातच अडवलं. “पोर कोणाचं?”

काकूने आईकडे बघितलं. फक्त एकदा. आईने मला पोटाशी धरलं होतं. तिला तोंड उघडायचं होतं, असं ती शपथेवर सांगते. पण खरं बोललं तर ते इस्पितळात पोचेल, खोटं बोलून उपचार घेतले म्हणून वडिलांना खाणीतून काढतील, पकडूनही नेतील, अशी भीती तिच्या मनात बसली होती. ती म्हणाली, “चला ना आधी घरात.” तेवढंच.

आजीला कळायला हवं होतं की मी कोणाच्या पोटची. तिच्याच हातावर मी जन्मले होते. तिने प्रश्न माझ्याबद्दल विचारलाच नव्हता बहुतेक. सरकारी कागदावर लिहिलंय म्हणजे तिचं कुठेतरी दुसरं मूल असेलच, असं गावाने धरलं होतं आणि तिनेही.

काकू उंबरा ओलांडून आत आली नाही. तिने पेटी उचलली आणि स्टेशनकडे चालू लागली. वडील तिच्यामागे थोडं अंतर गेले आणि परत आले.

मी बावीस वर्षांची झाले तेव्हा तिला शोधून काढलं. खाणीच्या फाट्यावर, मजुरांच्या खोल्यांच्या ओळीत शेवटची खोली. बाळंतपणं करायची, जखमा बांधायची, लोक देतील त्यावर भागवायची. आमच्या गावात एव्हाना सरकारने इमारत बांधली होती. रेल्वेचे साहेब तपासणीला आले की उतरायचे, त्यांच्यासाठी. मी तिला ते सांगितलं. ती हसली नाही.

“तुझी आई कशी आहे?”

“बरी आहे. काकू, तिने सांगितलं सगळ्यांना. खरं काय ते.”

“कधी?”

“आजी गेल्यावर.”

“म्हणजे विचारणारं कोणी उरलं नाही तेव्हा,” ती म्हणाली. रागाने नाही. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून बघावं तसं.

मी म्हटलं, गावी चल. ती म्हणाली, “तिथे काय करू? माफ करत बसू सगळ्यांना?” मग मला दाराच्या उजेडात ओढून तिने माझी नखं बघितली, एकेक बोट दाबून.

“रक्त कमी आहे तुझ्यात,” म्हणाली. “जेवतेस की नाही?”

बाहेर कोणीतरी हाक मारली, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. काकूने पिशवी घेतली आणि खोलीला कुलूप घालायचं म्हणून मला उठवलं.