नाकाचा भरवसा

आमच्या यांना सगळे ‘नाकशेठ’ म्हणायचे, आणि ते ऐकून यांची मान ताठ व्हायची. दाणे भाजायच्या कारखान्यात असताना पोत्याशी उभं राहून, माल खवट आहे की नाही, ते हे नुसत्या वासावर सांगत. तिथल्या पंख्यापुढे शेंगदाण्यांची लाल सालं उडून ढीग पडे, तो कचऱ्यात जाई. त्या सालांत तेल खवट होऊ न देणारं, शरीरालाही चांगलं असं अँटिऑक्सिडंट असतं हे कळल्यापासून यांच्या डोक्यात ते घरीच काढून विकायचा किडा वळवळायला लागला. सासूबाईंनी घरामागची शेड दिली, पण बजावून. “तुझं नाक आहे म्हणून देतेय. स्पिरिटशी खेळ आहे हा.”

खेळच होता. सालं पिंपांत स्पिरिटमध्ये भिजवायची, लालभडक अर्क गाळायचा, स्पिरिट उडवायचं आणि उरलेली भुकटी कपाटाएवढ्या भट्टीत वाळवायची. वाफ खोलीत साठली तर बटणातली ठिणगीसुद्धा पुरे. म्हणून भट्टी लावण्याआधी खोलीत उभं राहून वास घ्यायचा, हा नियम. वाफ ओळखणारं यंत्रही होतं, पण ते ऊठसूट बोंबलायचं, म्हणून यांनी काढून फडताळात टाकलं. यांच्या नाकापुढे यंत्राची काय मिजास!

मग यांना ती सर्दी झाली. बरी झाल्यावर एका सकाळी दूध करपून घरभर धूर, आणि हे शेगडीशेजारी बसून पेपर वाचताहेत.

“नाक कुठं गहाण ठेवलंय?” मी ओरडले.

हे हसले नाहीत. “सर्दी गेली गं, पण वास परत आलाच नाही. आईला सांगू नकोस. कुलूप लावेल ती शेडला.”

मला संताप आला आणि कीवही आली. शेवटी कीव जिंकली. “बरं. आजपासून वास मी घेणार. मी हो म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.”

सुरुवातीला आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरायचे. खिडक्या उघडून मी यांना बाहेर ताटकळत ठेवायची. हळूहळू वास कमी होत गेला. मला वाटलं, पिंपांच्या झाकणांना नवं रबर लावलं त्याचा गुण. संध्याकाळी डोकं जड व्हायचं, ते मी उन्हावर ढकललं. सालांच्या पोत्यांवर झोपणारी मांजर उंबऱ्यावरूनच परत फिरायला लागली, तर तिलाच नखरेल ठरवलं. अर्क ठेवायचा जुना फ्रिज मध्येच, आतलं बटण टक्कन पडून, उचकी देऊन आपोआप सुरू व्हायचा, तेवढाच काय तो आवाज. सगळं सुरळीत चाललं होतं, तरी मला आत जायची उगाच भीती वाटायची.

त्या दुपारी सोसाट्याचा वारा होता. सालं उडतात म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. पिंपं काठोकाठ भरलेली. मी मधोमध उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला.

“लावा,” मी म्हटलं.

यांनी बटणावर अंगठा ठेवला, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार उघडलं. गुडघ्यामुळे महिनोन्‌महिने इकडे न फिरकलेल्या सासूबाई चहाचा थर्मास घेऊन उभ्या. त्यांनी झटकन नाक दाबलं.

“अगं बाई, काय उग्र वास हा! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तुम्हा दोघांना येत नाही?”

हे माझ्याकडे बघत राहिले. रोज तोच वास घेऊन माझंही नाक कधीच मेलं होतं, आणि मी त्याला झाकणाचं रबर समजत होते.

“नाही येत,” मी म्हटलं, आणि यांचा अंगठा बटणावरून ओढून काढला. “आई, मागे व्हा! बाहेर पळा!”

यांच्या मनगटाला धरून मी दाराकडे धावले. बटण दाबलं गेलं नव्हतं. वाचलो, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मागे कोपऱ्यात फ्रिजनं उचकी दिली.